माहितीपत्रकात एक रकाना वाढवा : सहल आयोजकांना खुलं पत्र

सहल कंपन्यांचे चालक, कार्यक्रम आखणारी मंडळी आणि गटाबरोबर जाणारे टूर मॅनेजर यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमची माहितीपत्रकं मी बारकाईनं वाचते, अगदी शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरांसकट. तिथे दोन रकाने ठरलेले असतात : ‘सहल खर्चात समाविष्ट’ आणि ‘सहल खर्चात समाविष्ट नाही’. पाण्याच्या बाटल्या रोज किती मिळणार, कपडे धुण्याचा खर्च कुणाचा, सामानाचं वजन वाढलं तर भुर्दंड कुणाला, हे सगळं तिथे कळतं. कळत नाही ते एवढंच, की मी भरलेल्या रकमेतलं, मी जिथे जाणार आहे तिथल्या माणसांच्या हातात काय पडणार. हे पत्र त्या न छापलेल्या तिसऱ्या रकान्यासाठी आहे.

प्रवाशांना उपदेश करणारं लिखाण भरपूर झालं आहे. स्थानिकांकडून खरेदी करा, घरगुती मुक्काम निवडा, फार घासाघीस करू नका, त्यांच्या भाषेतले चार शब्द शिका. यात चूक काहीच नाही. पण गटाबरोबर निघालेल्या माणसाच्या हातात ठरवण्यासारखं उरतं काय? हॉटेल तुम्ही ठरवलेलं, बस तुमची, जेवणाच्या हॉलशी करार तुमचा, गाइड तुमच्या तिथल्या एजंटानं पाठवलेला. प्रवाशाकडे उरतो तो खिशातला वरखर्च आणि संध्याकाळचा तासभर मोकळा वेळ. त्या तासाभरात दोन वस्तू कुणाकडून घेतल्या यावर एखाद्या गावाचं भलं व्हायचं असेल, तर अवघड आहे. मोठी रक्कम बुकिंगच्या दिवशीच तुमच्या खात्यात गेलेली असते आणि पुढे तिला कुठल्या वाटा फुटणार हे तुमच्या करारांत लिहिलेलं असतं. म्हणून हे पत्र तुम्हाला.

पर्यटनाचा अभ्यास करणारे अर्थतज्ज्ञ ज्याला ‘गळती’ म्हणतात, ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. खर्च एका ठिकाणाच्या नावावर होतो, पैसा तिथे थांबत नाही. विमानभाडं विमान कंपनीकडे गेलं, ते समजू शकतं. पण खोलीच्या भाड्यातून ब्रँडची आणि व्यवस्थापनाची फी मुख्यालयात जाते, ऑनलाइन बुकिंगचं कमिशन भलत्याच देशात जमा होतं, चादरी-साबणापासून फर्निचरपर्यंत सगळं बाहेरून येतं, मॅनेजर बाहेरचा असतो. गावाच्या वाट्याला येतात सफाईच्या, रखवालीच्या आणि सामान उचलण्याच्या नोकऱ्या, त्याही हंगामापुरत्या. छोट्या बेटाला लिफ्ट किंवा जनरेटर घरी बनवता येत नाही, त्यामुळे थोडी गळती कुठेही राहणारच. तक्रार आहे ती टाळता येण्याजोग्या गळतीबद्दल.

समुद्रपर्यटनाची मोठी जहाजं घ्या. मुक्काम जहाजावर, जेवण जहाजावर, करमणूक जहाजावर आणि दुकानंही जहाजावर. बंदरावर काही तासांसाठी हजारो माणसं उतरतात, रस्ते आणि संडास वापरतात, आणि त्या काही तासांतल्या फेऱ्यांचं बुकिंगसुद्धा बहुतेकदा जहाजावरच झालेलं असतं. काही कंपन्यांनी तर कॅरिबियन भागात स्वतःच्या ताब्यातली खासगी बेटं करून ठेवली आहेत, म्हणजे उतरलेला प्रवासीही कंपनीच्याच हद्दीत राहतो. तुमची बस जहाजापेक्षा पुष्कळ लहान, पण आखणीची पद्धत तीच असली तर परिणाम वेगळा कसा येईल?

आता त्या ‘शॉपिंग हॉल्ट’बद्दल. नकाशावर ठिकाण कुठलंही असो, हा थांबा एकाच साच्यातला असतो. बस आवारात शिरते, फाटकावरचा पोरगा गाडीचा नंबर आणि माणसांची संख्या रजिस्टरात टिपून घेतो. आत मागावर किंवा चाकावर बसलेला एक कारागीर दहा मिनिटं काम करून दाखवतो, फोटो निघतात. मग दार उघडतं आणि एसी लावलेल्या लांबलचक हॉलमध्ये सगळ्यांना सोडलं जातं. बिलाच्या काउंटरवर पावतीच्या कोपऱ्यात पुन्हा तोच गाडीचा नंबर पडतो. संध्याकाळी त्या नंबरावर हिशोब होतो : गाइडचा वाटा, ड्रायव्हरचा वाटा, एजंटाचा वाटा. मागावर बसलेल्या माणसाचा त्या हिशोबात नंबर नसतो. तो रोजंदारीवर आहे, आणि हॉलमध्ये विकली गेलेली शाल त्यानं विणलेली असेलच असं नाही.

यात ड्रायव्हरला आणि गाइडला दोष देणं सोपं आहे आणि बसमध्ये तो दिलाही जातो. ‘याचं कमिशन असणार’ असं कुणीतरी मागच्या सीटवरून म्हणतंच. पण गाइडचा दिवसाचा दर ठरवताना ‘वरचं त्याला सुटेलच’ हे गृहीत कुणी धरलं? सहलीची किंमत तोट्यात दाखवून ती दुकानांच्या दलालीतून भरून काढायची, हा प्रकार इतका माजला होता की चीननं २०१३ मध्ये केलेल्या पर्यटन कायद्यात अवाजवी कमी दरात सहल काढून खरेदीच्या कमिशनमधून नफा मिळवायला बंदी घातली. थायलंडमध्ये अशा सहलींना ‘शून्य डॉलर टूर’ म्हणायचे. २०१६ मध्ये तिथल्या सरकारनं त्यांच्याविरुद्ध कारवाई केली, गाड्या जप्त केल्या, कारण माणसांचे लोंढे येत होते आणि पैसा ठरावीक साखळीबाहेर पडत नव्हता. स्वस्त सहलीची किंमत कोणीतरी मोजतच असतं. बहुतेकदा ज्याला सही करायला कागदच मिळालेला नाही, तो.

तुमच्यातल्या काहींचं उत्तर मला पाठ आहे. ‘स्थानिक पुरवठादारांवर भरवसा ठेवता येत नाही. आज माल आहे, उद्या नाही. चाळीस माणसं घेऊन आम्ही प्रयोग करू शकत नाही.’ ही अडचण खरी आहे, बहाणा नाही. म्हणूनच केरळमधल्या कुमारकोमचं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. वेंबनाड तलावाकाठच्या या गावात मोठमोठी रिसॉर्ट्स आली, जमिनी गेल्या, शेतं पडीक राहिली आणि गावकऱ्यांचा राग रस्त्यावर आला. २००८ मध्ये राज्य सरकारनं तिथे ‘जबाबदार पर्यटना’चा प्रयोग सुरू केला. त्याचा गाभा अगदी रोखठोक होता : रिसॉर्टच्या स्वयंपाकघराला लागणारा भाजीपाला आणि इतर जिन्नस गावातून घ्यायचे. पिकवणार कोण, तर कुडुंबश्री या राज्यभरच्या महिला बचत गटांच्या जाळ्यातल्या बायका आणि छोटे शेतकरी.

सुरुवातीला तेच झालं जे तुम्ही म्हणता. पुरवठा नियमित होईना, हॉटेलवाल्यांची कुरकुर सुरू झाली. मग पंचायत, हॉटेलं आणि गट एकत्र बसले. दर ठरवायला समिती झाली, प्रत बघायला समिती झाली, कुणी काय आणि कधी लावायचं याची आखणी झाली, आणि पडीक जमीन पुन्हा लागवडीखाली आली. आज हा कार्यक्रम राज्यभर पसरला आहे, त्यासाठी २०१७ मध्ये वेगळं मिशन उभं राहिलं. समित्या म्हटलं की आपल्याला जांभई येते, पण ‘आज आहे, उद्या नाही’ या तक्रारीवर औषध तेच निघालं. आणि त्या बैठकीत एक खुर्ची तुमची असायला हवी होती असं मला राहून राहून वाटतं. पुढच्या चार महिन्यांत कुठल्या आठवड्यात किती माणसं येणार हा आकडा शेतकऱ्याकडे नसतो, हॉटेलकडे अर्धवट असतो. तुमच्याकडे बुकिंगच्या तक्त्यात पुरा असतो. तो वेळेवर कळवायला तुम्हाला एक पैसाही खर्च येत नाही.

मुक्कामांचंही तसंच. ‘आम्ही होमस्टे देतो’ असं हल्ली बरेच जण छापता. पण गावात वीस घरं तयार असताना दर वेळी सगळा गट रस्त्यालगतच्या, फोन उचलणाऱ्या एकाच घरी उतरला, तर त्या घरावर दुसरा मजला चढतो आणि शेजारच्याच्या मनात अढी बसते. लडाखमध्ये हेमिस राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातल्या रुंबकसारख्या गावांनी याची काळजी आधीच घेतली. हिमबिबट्या रात्री गोठ्यात शिरून शेळ्यामेंढ्यांचा फडशा पाडायचा आणि लोक त्याला मारायचे. त्यावर उपाय म्हणून हिमबिबट्याच्या संवर्धनासाठी काम करणाऱ्या संस्थेनं गावांना बरोबर घेऊन घरगुती मुक्कामाची योजना आखली. पाहुणे घरांमध्ये पाळीपाळीनं जातात आणि मिळकतीतला काही भाग गावाच्या निधीत जमा होतो. ज्या जनावरानं नुकसान केलं त्याला बघायला माणसं येतात आणि त्यातून घर चालतं, हे गणित बसल्यावर गावाची बिबट्याकडे पाहण्याची नजर बदलली. नेपाळमधल्या सिरुबारी गावात १९९७ पासून असाच पाळीचा रिवाज आहे. तिथे कुणी कुठे उतरायचं ते गावची समिती ठरवते.

आणि आपण काय करतो? ‘आमच्या पाहुण्यांना तेच मागच्या वेळचं घर द्या, बाथरूम चांगलं आहे’ असा आग्रह धरतो. तुमचा एक फोन गावानं मेहनतीनं बसवलेली पाळी मोडू शकतो. हे मला मोठ्या गळतीइतकंच वाईट वाटतं, कारण यात फायदा कुणाचाच नाही, निव्वळ सोय आहे.

सरकारं ठरवतात तिथे ही गोष्ट कायद्यानं होते. नामिबियानं १९९६ मध्ये कायदा बदलून गावसमाजांना आपल्या भागातल्या वन्यजीवांवर आणि त्यातून येणाऱ्या पर्यटनाच्या उत्पन्नावर हक्क दिला. रवांडात राष्ट्रीय उद्यानांच्या पर्यटन महसुलातला ठरावीक वाटा आसपासच्या गावांसाठी २००५ पासून बाजूला काढला जातो. २०१७ मध्ये गोरिला पाहण्याच्या परवान्याची फी दुप्पट केली, तेव्हा हा वाटाही ५ टक्क्यांवरून १० टक्के केला. नेपाळच्या अन्नपूर्णा भागात १९८६ पासूनच्या प्रकल्पात ट्रेकरकडून घेतलेली प्रवेश फी त्याच भागातल्या कामांवर खर्च होते. पण जिथे सरकार गप्प आहे तिथे वाटा शून्य, हे तुम्ही का मान्य करता? तुमच्या करारात एक कलम घालायला कुणाच्या संसदेची परवानगी लागत नाही.

डोंगरावरच्या हमालांबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण ट्रेकच्या माहितीपत्रकात त्यांचा उल्लेख ‘सपोर्ट स्टाफ’ एवढ्या दोन शब्दांत संपतो. पेरूमध्ये माचू पिचूकडे जाणाऱ्या इंका वाटेवर दिवसाला ५०० माणसांनाच सोडतात आणि त्यात गाइड व हमालही धरलेले असतात. प्रवासी त्यातले जेमतेम दोनशे. उरलेल्यांपैकी बहुतेक माणसं त्या दोनशेंचे तंबू, भांडी, गॅस आणि खुर्च्या वाहतात. त्यांच्यासाठी तिथे २००१ मध्ये कायदा झाला आणि ओझ्याची मर्यादा २० किलो ठरली. वाटेच्या तोंडाशी, ‘किलोमीटर ८२’ म्हणतात तिथे, नाक्यावर हमालांची ओझी काट्यावर चढतात. टांझानियात किलिमांजारोच्या फाटकांवरही २० किलोंचाच नियम आहे आणि तिथेही वजन होतं.

पण काटा फाटकावर असतो, वाटेवर नसतो. फाटक ओलांडल्यावर ओझं एकाच्या पाठीवरून दुसऱ्याच्या पाठीवर गेलं, मजुरीतून काही कापून घेतलं, रात्री जेवणाच्या तंबूतच त्यांना दाटीवाटीनं झोपवलं, तर ते काट्यावर दिसत नाही. म्हणूनच किलिमांजारोवर २००३ पासून हमालांच्या हक्कांसाठी काम करणारा एक प्रकल्प आहे, जो सहभागी कंपन्यांच्या मोहिमांवर लक्ष ठेवतो : मजुरी वेळेवर मिळाली का, जेवण किती वेळा मिळालं, तंबू आणि कपडे पुरेसे होते का. तुम्ही तिथली मोहीम विकता तेव्हा तुमची तिथली भागीदार कंपनी त्या यादीत आहे का, हे बघायला फार तर दोन ईमेल लागतात. विमा आहे का, हेही विचारा. शिखरावरच्या फोटोत हमाल नसतात ते एक वेळ चालेल. विमा नसला तर त्यांच्या घरी चालणार नाही.

‘टिप’चाही विषय इथेच काढते. शेवटच्या दिवशी बसमध्ये पाकीट फिरतं आणि टूर मॅनेजर माइकवरून सांगतो, ‘यांचं सगळं तुमच्या टिपवरच असतं.’ ऐकणाऱ्याला दया येते, मला राग येतो. एखाद्याचं घर पूर्ण अनोळखी माणसांच्या मर्जीवर चालवायचं असेल, तर तुम्ही त्याला काय देता? टिप द्यावी, मोकळ्या हातानं द्यावी. पण ती ठरलेल्या मजुरीवर द्यायची असते, मजुरीऐवजी नाही.

आता पैशाच्या वेळेबद्दल, कारण छोट्या माणसाला बुडवते ती बहुधा रक्कम नसते, मुदत असते. प्रवाशाकडून तुम्ही सगळे पैसे सहलीआधी घेता. तिथल्या छोट्या हॉटेलवाल्याला, गाडीवाल्याला ते मिळतात सहलीनंतर, बिल पाठवल्यावर, आठवण केल्यावर, कधी पुढच्या गटाच्या वेळी. मोठ्या हॉटेलला ही उधारी पेलते. चार खोल्यांच्या घराला ती पेलत नाही, म्हणून ते घर तुमच्या यादीतून गळतं आणि मग तुम्ही म्हणता, ‘छोटे लोक टिकत नाहीत.’ त्यातही खोल्या ‘ब्लॉक’ करून ठेवायच्या आणि गट भरला नाही की शेवटच्या आठवड्यात ‘रिलीज’ करायच्या, ही पद्धत धंद्याच्या भाषेत साधी वाटते. त्या घरानं मात्र तेवढे दिवस दुसऱ्या कुणाला ‘नाही’ म्हटलेलं असतं. बुकिंग रद्द केलं तर प्रवाशाचे पैसे किती कापायचे याचा तक्ता तुमच्याकडे तयार आहे. त्या कापलेल्या पैशातलं खोली अडकवून बसलेल्या माणसाला काय देता?

दुसरी बाजूही मांडते, नाहीतर पत्र भाबडं होईल. ‘स्थानिक’ म्हटलं की सगळं न्याय्य, असं मुळीच नाही. गावातला एकमेव हॉटेलवाला हाच सावकार आणि हाच पुढारी असू शकतो. त्याच्याकडची पोरं बाहेरच्या मोठ्या हॉटेलपेक्षा कमी पगारात राबत असतील. बाहेरून आलेली एखादी कंपनी वेळेवर पगार, रजा आणि विमा देत असेल, तर मी तिच्या बाजूनं उभी राहीन. उलट मातीच्या भिंती आणि कंदील लावून ‘गावरान अनुभव’ विकणाऱ्या कितीतरी जागांची सातबारावरची नावं शहरातली निघतील. तेव्हा पाटीवर जाऊ नका. मालकी कुणाची, पगार कसा, निर्णय कोण घेतं, एवढं बघा.

आणि मदतीच्या नावाखाली जे कार्यक्रम तुम्ही अलीकडे घालता, ते आधी तपासा. अनाथाश्रमाची भेट हा त्यातला सगळ्यात धोकादायक. कंबोडियात पर्यटकांची संख्या वाढली तशी अनाथाश्रमांची संख्याही वाढली, आणि २०११ मध्ये सरकार आणि युनिसेफ यांच्या पाहणीत दिसलं की तिथल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात होते. देणग्या येतात म्हणून गरीब घरांतून मुलं आणून ठेवली जातात, असा हा व्यवहार. चालू वर्गात गट घेऊन शिरणं, मुलांना गोळ्या-पेनं वाटून रांगेत उभं करणं, हेही त्याच जातीचं. तुमच्या स्वतःच्या मुलांच्या शाळेत बुधवारी सकाळी चाळीस अनोळखी माणसं कॅमेरे घेऊन आलेली तुम्हाला चालतील का? शाळेला द्यायचंच असेल तर मुख्याध्यापकांना काय हवं ते विचारून, गाजावाजा न करता पाठवता येतं.

कधी कधी एखाद्या जागेला मदत म्हणजे तिथे कमी जाणं, किंवा गेलात तर जास्त थांबणं. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते; २०२२ मध्ये तो आकडा ५० हजारांखाली आला. २५ एप्रिल २०२४ पासून या शहरानं गर्दीच्या ठरावीक दिवशी फक्त दिवसापुरत्या येणाऱ्यांवर प्रवेश फी लावली. रात्री मुक्काम करणाऱ्याला ती नाही, कारण तो मुक्कामाचा कर भरतोच. शहरानं स्वतःच सांगून टाकलं आहे की त्याला कुठला पाहुणा परवडतो. आणि आपल्या युरोप सहलींच्या कार्यक्रमांत व्हेनिस कसं असतं? सकाळी बोटीनं जाणं, चौकात फोटो, काचकामाच्या कारखान्याची भेट, संध्याकाळपूर्वी मुख्य भूमीवरच्या हॉटेलकडे रवाना. बार्सिलोनाच्या महापौरांनी जून २०२४ मध्ये जाहीर केलं की पर्यटकांना भाड्यानं देण्याच्या १० हजारांवर फ्लॅटचे परवाने २०२८ नंतर चालू ठेवायचे नाहीत, कारण तिथल्याच लोकांना राहायला घरं उरली नाहीत. तेव्हा ‘हॉटेलऐवजी फ्लॅट, म्हणजे स्थानिकांना पैसा’ हे समीकरणही डोळे मिटून घेण्यासारखं राहिलेलं नाही.

अति झाल्यावर दार बंद होतं, तेव्हाही भार खालच्यावरच पडतो. फिलिपिन्समधलं बोराकाय बेट सांडपाण्यानं इतकं बिघडलं की एप्रिल २०१८ मध्ये सरकारनं ते सहा महिन्यांसाठी पर्यटकांना बंद केलं. बेट सावरलं, ते बरं झालं. पण आयोजकांनी त्या काळात गट दुसऱ्या बेटावर वळवले असतील; होडीवाल्याला आणि खोल्या झाडणारीला वळायला दुसरं बेट नव्हतं.

तत्त्वं नव्यानं शोधायची गरजच नाही. जागतिक पर्यटन संघटनेनं १९९९ मध्ये स्वीकारलेल्या नीतिसंहितेचं पाचवं कलम यजमान समाजाला पर्यटनाचा लाभ मिळण्याबद्दलच आहे. २००२ च्या केपटाऊन जाहीरनाम्यानं जबाबदार पर्यटनाची व्याख्या करताना क्रमही लावून दिला : आधी लोकांना राहण्यासाठी चांगली जागा, मग पाहुण्यांना भेट देण्यासाठी चांगली. तुमच्यातल्या पुष्कळांच्या कार्यालयांत अशा काही प्रमाणपत्रांच्या चौकटी भिंतीवर असतात. त्यातलं थोडं माहितीपत्रकात उतरू द्या, इतकंच.

‘दर वाढतील’ असं म्हणाल. काही वाढतील, आणि सगळे गिऱ्हाईक ते आनंदानं देतील असं मी म्हणत नाही. आपल्या लोकांना दोन कंपन्यांचे दर शेजारी मांडून बघायची सवय आहे, मलाही आहे. पण बिलं वेळेवर देणं, आकडे आधी कळवणं, मुक्कामाची पाळी न मोडणं, कमिशनचा थांबा काढून तो वेळ बाजारात मोकळा सोडणं, यांतल्या कशानं सहलीचा दर फार हलतो? हलेल तो गाइडच्या आणि हमालाच्या मजुरीनं. तो हललेला आकडा वेगळा दाखवा. कशाचे आहेत हे कळलं तर माणसं पैसे देतात.

तर तो तिसरा रकाना. ‘किती टक्के पैसा गावात राहतो’ असं छापू नका. टक्केवारी कशीही फिरवता येते आणि उद्या सगळेच नव्वद टक्के छापतील. मालकी आणि मुदत छापा. प्रत्येक मुक्कामापुढे मालक तिथला की बाहेरचा. गाइड तिथलाच आहे का, आणि त्याला दुकानाचं कमिशन घ्यायला मनाई आहे का. हमाल असतील तर ओझ्याची मर्यादा किती, विमा कुणाचा. तिथल्या लोकांची बिलं किती दिवसांत चुकती होतात. सहलीत खरेदीचा थांबा असेल तर ‘या थांब्यावर कंपनीला किंवा तिच्या माणसांना कमिशन मिळतं’ असं सरळ लिहा. लिहिलंत तर मी कदाचित खरेदीही करीन. दहा ओळींचं काम आहे, मागच्या पानावर बसेल. जागा कमी पडली तर विमानतळावरच्या हसऱ्या कुटुंबाचा फोटो थोडा लहान करा.

पुढच्या हंगामाचं बुकिंग सुरू झालं की मी तुमच्यापैकी कुणाच्या तरी काउंटरवर येईन. रकाना छापलेला नसेल तर पैसे भरण्याआधी याच ओळी तोंडी विचारीन, आणि माझ्याबरोबर येणाऱ्यांनाही विचारायला सांगितलं आहे. काउंटरवरच्या मुलामुलींना उत्तरं माहीत नसतील, त्यात त्यांचा दोष नाही. ‘विचारून सांगतो’ म्हणाले तरी चालेल. फक्त ती उत्तरं आधीच त्यांच्या हाती द्या, म्हणजे बिचाऱ्यांना आत-बाहेर करावं लागणार नाही.

कळावे,

आपली,
सहलींची एक जुनी गिऱ्हाईक